निष्कर्ष कोणाचा? राज्य मागासवर्ग आयोगातले राजीनामे आणि हिंगोली

महाराष्ट्र राज्य मागासवर्ग आयोगाचा सगळा खर्च राज्य सरकार करते, सदस्य सरकार नेमते आणि अनेकदा तपासायचा प्रश्नही सरकारच पाठवते. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र आयोगाने स्वतःच्या बुद्धीने शोधावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये या व्यवस्थेचा ताण उघड्यावर आला. आधी काही सदस्यांनी राजीनामे दिले आणि पाठोपाठ अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती आनंद निरगुडे यांनीही ४ डिसेंबरला पद सोडले. त्याआधी आठच दिवस, २६ नोव्हेंबरला, हिंगोलीत ओबीसी समाजाचा एल्गार मेळावा झाला होता. त्या व्यासपीठावरून राज्याचे तेव्हाचे मंत्री छगन भुजबळ यांनी मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी आपल्याच सरकारने नेमलेली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बरखास्त करण्याची मागणी केली. आयोगाच्या बंद खोलीतली आणि हिंगोलीच्या मैदानावरची भांडणे दिसायला वेगळी होती. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता: एखादा समाज मागास आहे की नाही, हे ठरवायचे कोणी आणि कशाच्या आधारावर?

मागासवर्ग आयोगाला मानवी हक्कांची संस्था म्हणणे काहींना ओढूनताणून वाटेल. पण कायद्याने हा धागा जोडलेला आहे. मानवी हक्क संरक्षण कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे पदसिद्ध सदस्य झाले. महिला, अल्पसंख्याक, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती आयोगांचे अध्यक्ष तिथे आधीपासूनच होते. संधीची समानता हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. तो कोणाच्या वाट्याला आला नाही, हे शोधण्याचे काम मागासवर्ग आयोगाचे. राज्य पातळीवर त्याचा निष्कर्ष चुकला किंवा वाकवला गेला, तर कोणाची तरी नोकरीची वा महाविद्यालयातली जागा जाते.

अशा आयोगाची गरज मंडल खटल्यातून निर्माण झाली. १६ नोव्हेंबर १९९२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षण मान्य केले, आरक्षणाची एकूण मर्यादा सर्वसाधारणपणे ५० टक्के ठरवली आणि यादीत कोणाला घ्यावे वा वगळावे याचा विचार करण्यासाठी केंद्राने व राज्यांनी कायमस्वरूपी यंत्रणा उभारावी, असा आदेश दिला. महाराष्ट्राने पुढे २००५ चा राज्य मागासवर्ग आयोग कायदा केला. त्यानुसार अध्यक्षपदी उच्च वा सर्वोच्च न्यायालयाचे आजी-माजी न्यायमूर्ती, सोबत एक समाजशास्त्रज्ञ, महसुली विभागांतून आलेले जाणकार सदस्य आणि सचिव म्हणून सरकारी अधिकारी अशी रचना असते. आयोगाला साक्षी-पुरावे घेण्यासाठी दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत आणि त्याचा सल्ला सरकारवर सर्वसाधारणपणे बंधनकारक असतो. हे ‘बंधनकारक’ असणे फार महत्त्वाचे आहे. सल्ला नुसता कपाटात ठेवता आला असता, तर आयोगात कोण बसतो याची राजकारण्यांनी एवढी काळजी केलीच नसती.

मराठा समाजाचा प्रश्न आयोगापुढे पुन्हा पुन्हा आला आणि उत्तर बदलत गेले. न्यायमूर्ती खत्री आयोगाच्या शिफारशीनंतर १ जून २००४ रोजी ‘मराठा-कुणबी’ आणि ‘कुणबी-मराठा’ यांचा ओबीसी यादीत समावेश झाला. नुसते ‘मराठा’ मात्र बाहेर राहिले. २००८ मध्ये न्यायमूर्ती बापट आयोगाने बहुमताने तोच नकार कायम ठेवला. मग २०१४ मध्ये नारायण राणे समितीच्या अहवालावरून १६ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला आणि उच्च न्यायालयात अडकला. न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांच्या आयोगाने १५ नोव्हेंबर २०१८ रोजी दिलेल्या अहवालात सामाजिक मागासलेपणाला १०, शैक्षणिकला ८ आणि आर्थिकला ७ असे २५ गुण ठेवले आणि मराठा समाजाला त्यांपैकी २१.५ गुण दिले. त्यावर झालेला १६ टक्क्यांचा कायदा उच्च न्यायालयात टिकला, पण टक्केवारी कमी होऊन. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडावी अशी असाधारण परिस्थिती दिसत नाही, असे न्यायालय म्हणाले. त्याच निकालात मागास ठरवण्याचा राज्यांचा अधिकारच नाकारला गेला होता. तो ऑगस्ट २०२१ च्या १०५ व्या घटनादुरुस्तीने परत मिळाला.

एका समाजाबद्दल वेगवेगळ्या आयोगांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष काढले की, निष्कर्ष अभ्यासातून येतो की नेमणुकीतून, ही शंका लोकांच्या मनात येणारच. ती शंका वाढवायला राज्यकर्त्यांनीही बरीच मदत केली. त्यातही निरगुडे आयोगाचा अनुभव बोलका आहे.

स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणाचा खटला हिंगोलीला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ४ मार्च २०२१ च्या त्या निकालात न्यायालयाने तीन अटी घातल्या. मागासलेपणाची शास्त्रशुद्ध पाहणी करणारा आयोग हवा, त्या आकडेवारीवरून प्रत्येक संस्थेपुरती टक्केवारी ठरावी आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये. हे काम निरगुडे आयोगाकडे आले. घरोघर पाहणीसाठी आयोगाने ४३५ कोटी रुपयांची मागणी केली. पैशाची आणि मनुष्यबळाची वाट पाहण्यात महिने गेले. शेवटी उपलब्ध कागदांवर अंतरिम अहवाल तयार झाला आणि ३ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अपुरा म्हणून फेटाळला. सरकारने मग त्याच महिन्यात माजी मुख्य सचिव जयंत बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली वेगळाच आयोग नेमला. त्याच्या अहवालावर जुलै २०२२ मध्ये निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. निरगुडे आयोग तसाच राहिला, पण सरकारने पैसा आणि माणसे वेळेवर दिली नाहीत तर स्वायत्त आयोगाचे काय होते, हे सगळ्यांना कळून चुकले. आयोगावर दबाव आणायला मंत्र्याचा फोनच यावा लागतो असे नाही. तिजोरीची चावी ज्याच्या हातात, त्याचे गप्प बसणेही पुरते.

त्यानंतर, २०२३ मध्ये, मराठा समाजाच्या प्रश्नावर सरकारने केलेली घाई कशातून आली, हे कळायला मराठवाड्यात यावे लागते. हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके आणि २०११ च्या जनगणनेत ११,७७,३४५ लोकसंख्या. मोठा उद्योग नाही. वसमतची हळद, सोयाबीन आणि कापूस यांवर घर चालते, आणि घरातल्या एका मुलाला तरी सरकारी नोकरी लागावी ही आस प्रत्येक जातीच्या आई-बापाला असते. जिल्ह्यात मराठ्यांबरोबर हटकर-धनगर, बंजारा, आंध आदिवासी, माळी, बौद्ध, मुस्लिम असे अनेक समाज शेजारी शेजारी राहतात. आरक्षणाचा शब्द निघाला की गावातले हे शेजारपण अवघडून जाते.

यात इतिहासाने घातलेली एक रेघ आहे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. तिथे शेती करणाऱ्या मोठ्या समाजाच्या नोंदी ‘कुणबी’ म्हणून आहेत आणि त्यांना ओबीसी सवलती मिळतात. अलीकडे तसाच नांगर धरणारा, त्याच आडनावाचा शेतकरी ‘मराठा’ म्हणून नोंदला गेला. सोयरिकी नदीपलीकडे, दाखला मात्र अलीकडे मिळत नाही, ही तक्रार इथल्या मराठा समाजात जुनी आहे, आणि ती समजून न घेता केलेली कोणतीही चर्चा अपुरी राहील. तेवढीच खरी भीती दुसऱ्या बाजूला आहे. आधीच तोकड्या असलेल्या ओबीसी वाट्यात संख्येने आणि सत्तेने मोठा समाज आला, तर आपल्या पोरांना काय उरेल, असे धनगर किंवा माळी कुटुंबाला वाटते. त्यांना स्वार्थी म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

२९ ऑगस्ट २०२३ पासून जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण सुरू झाले. १ सप्टेंबरला तिथे पोलिसांनी लाठीमार केला आणि आंदोलन साऱ्या मराठवाड्यात पसरले. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधणे हे तिचे काम. खासरा पत्रके, कोतवाल बुके, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, कुळाच्या नोंदवह्या असे मोडी आणि उर्दूतले कागद धुंडाळले गेले. पहिल्या अहवालापर्यंत सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासून मराठवाड्यात ११,५३० कुणबी नोंदी हाती लागल्या. अपेक्षेच्या मानाने हा आकडा फार लहान होता. नोंद सापडलेल्याला दिलासा मिळाला, बाकीच्यांच्या पदरी काहीच आले नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी राजीनाम्याचे पत्र दिले, इतका लोकप्रतिनिधींवर रस्त्याचा रेटा होता.

अशा वातावरणात नोव्हेंबरमध्ये मराठा समाजाच्या मागासलेपणाचा प्रश्न सरकारने पुन्हा राज्य मागासवर्ग आयोगाकडे दिला. जरांगे यांनी सरकारला २४ डिसेंबरची मुदत दिली होती. आयोगाच्या कामाला आंदोलनाची तारीख चिकटली, ती अशी.

आयोगातला मुख्य वाद पद्धतीचा होता, आणि पद्धतीच्याच वादात खरे राजकारण असते. एखादा समाज मागास आहे असे म्हणताना तो कोणापेक्षा मागास, हे सांगावे लागते. फक्त मराठा कुटुंबांची पाहणी केली तर त्यातली गरिबी दिसेल, शेतीचे तुकडे दिसतील, शाळा सुटलेली मुले दिसतील. पण हीच दुःखे माळ्याच्या, वंजाऱ्याच्या, मुस्लिमाच्या आणि ब्राह्मणाच्या घरात किती आहेत, ते समजल्याशिवाय तुलना होत नाही. म्हणून सगळ्या जातींची पाहणी करावी, असे काही सदस्यांचे म्हणणे होते. सरकारला हवे होते मराठा समाजापुरते आणि लवकर उत्तर. निकष कोणते लावायचे, त्यांना किती वजन द्यायचे, पाहणी कोणी करायची, यावरही मतभेद झाले. दोन्ही पद्धतींचे परिणाम उघड होते. सर्व जातींची पाहणी म्हणजे जवळजवळ जातनिहाय जनगणनाच. तिला वेळ लागला असता आणि त्यातून कोणत्या समाजाचे काय सत्य बाहेर पडेल, याची खात्री कोणालाच देता आली नसती.

ॲड. बालाजी किल्लारीकर आणि प्रा. लक्ष्मण हाके या सदस्यांनी डिसेंबरच्या सुरुवातीला राजीनामे दिले. आयोगाच्या कामात सरकारचा हस्तक्षेप होतो आहे, असे जाहीरपणे सांगितले गेले. संजय सोनवणे हेही बाहेर पडले. अध्यक्ष निरगुडे यांचा ४ डिसेंबरचा राजीनामा सरकारने ९ तारखेला मंजूर केला. बातमी बाहेर आली तेव्हा नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होते. सरकारने ही गोष्ट सभागृहापासून लपवून ठेवली, असा आरोप विरोधकांनी केला, आणि दबावाचा आरोप सरकारने नाकारला. अर्ध्याहून अधिक वाद इथे ‘कोण कोणाचा माणूस’ यावर खर्च झाला. सदस्य स्वतः कोणत्या ना कोणत्या समाजातून आलेले असतात, त्यांची मतेही असतात. हाके पुढे ओबीसी आंदोलनाचे नेते म्हणून समोर आले आणि जून २०२४ मध्ये जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीत त्यांनी उपोषण केले. त्यावरून त्यांचा राजीनामा आधीपासूनच राजकीय होता असे म्हणणारे आहेत. तरी सर्व जातींची तुलना करा, ही मागणी कोणी केली यावरून ती चूक वा बरोबर ठरत नाही. तिला उत्तर द्यायला हवे होते.

रिकाम्या खुर्चीवर सरकारने डिसेंबरमध्येच निवृत्त न्यायमूर्ती सुनील शुक्रे यांना बसवले. याच शुक्रे यांनी २ नोव्हेंबर रोजी निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांच्यासह अंतरवाली सराटीत जाऊन जरांगे यांची भेट घेतली होती आणि त्याच दिवशी उपोषण सुटले होते. सरकारच्या वतीने आंदोलकांची समजूत घालायला गेलेली व्यक्ती सहा आठवड्यांत त्याच मागणीचा निवाडा करणाऱ्या आयोगाची अध्यक्ष झाली. शुक्रे यांच्या सचोटीबद्दल काही म्हणण्याचे कारण नाही. पण न्याय होताना दिसलाही पाहिजे, हे तत्त्व न्यायमूर्तींपेक्षा अधिक कोणाला माहीत असणार? नेमणुकीवर उच्च न्यायालयात आक्षेप घेण्यात आले, आणि ते टाळता येण्यासारखे होते.

पाहणी २३ जानेवारी २०२४ रोजी सुरू होऊन २ फेब्रुवारीला संपली, म्हणजे अकरा दिवस. पुण्याच्या गोखले संस्थेने तयार केलेल्या ॲपवर शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशा सरकारी माणसांनी घरोघर जाऊन माहिती भरली. पहिल्या दिवसांत ॲप अडकल्याच्या तक्रारी सर्वत्र होत्या. पाहणीचे अधिकृत नावच ‘मराठा समाज व खुल्या प्रवर्गातील नागरिकांचे सर्वेक्षण’ असे होते. ज्या तुलनेसाठी सदस्यांनी आग्रह धरला होता, तिची व्याप्ती या नावातच कमी झाली. मराठ्यांची तुलना खुल्या प्रवर्गाशी झाली. यादीत येऊ पाहणारा समाज आधीपासून यादीत असलेल्यांच्या तुलनेत कुठे उभा आहे, हा प्रश्न जवळजवळ बाजूला राहिला. दीड कोटीहून अधिक कुटुंबांची माहिती गोळा झाली, हे काम लहान नव्हते. पण एवढी माहिती दोन आठवड्यांत पडताळून, तिचा अर्थ लावून अहवाल लिहिणे कोणत्याही अभ्यासकाला कठीण वाटेल. गायकवाड आयोगाला पाहणी, सुनावण्या आणि लेखन यांसाठी वर्षभर लागले होते आणि तरीही सर्वोच्च न्यायालयात त्याचा निष्कर्ष टिकला नव्हता.

१६ फेब्रुवारी २०२४ रोजी शुक्रे आयोगाने मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना अहवाल दिला. राज्यात मराठा समाज २८ टक्के असून तो सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. चार दिवसांनी, २० फेब्रुवारीला, विशेष अधिवेशनात शिक्षण आणि नोकऱ्यांत १० टक्के स्वतंत्र आरक्षणाचे विधेयक एकमताने मंजूर झाले. ओबीसी वाट्याला धक्का लागला नाही म्हणून सरकारने समाधान मानले. जरांगे यांनी हे आरक्षण न्यायालयात टिकणार नाही म्हणून ओबीसीतूनच हवे, ही मागणी सोडली नाही. ६ जुलै २०२४ रोजी त्यांची मराठवाड्यातली शांतता रॅली सुरू झाली, ती हिंगोलीतूनच. आयोगात एवढी पडझड होऊन निघालेल्या अहवालाने हिंगोलीतल्या कोणत्याच बाजूचे समाधान केले नव्हते.

संस्था सरकारी पैशावर चालते म्हणून ती सरकारचीच होते, असे मानण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये मान्य केलेल्या पॅरिस तत्त्वांत मानवी हक्क संस्थांसाठी पुरेसा निधी, निश्चित कार्यकाळ आणि नेमणुकीत समाजातल्या विविध घटकांचा सहभाग या गोष्टी मागितल्या आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या ‘अ’ दर्जाची फेरमान्यता २०२३ आणि २०२४ मध्ये अशा संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढे ढकलली, त्यामागे नेमणुका आणि तपासात पोलीस अधिकाऱ्यांचा वापर हे आक्षेप होते. तिथे निदान नेमणुकीच्या समितीत विरोधी पक्षनेता बसतो, त्याला असहमती नोंदवता येते आणि डिसेंबर २०२४ मध्ये राहुल गांधी व मल्लिकार्जुन खर्गे यांनी ती नोंदवलीही. राज्य मागासवर्ग आयोगाच्या नेमणुकीत अशी खिडकी नाही. सदस्य नेमणे, अध्यक्ष बदलणे, निधी देणे आणि प्रश्न ठरवणे हे सारे सरकारच्याच हाती असते. २०२३ चे राजीनामे काही माणसांच्या स्वभावामुळे झाले असे समजले, तर पुढचा आयोगही असाच मोडेल.

सरकार सध्या आयोगाला वळसा घालणाऱ्या वाटेने गेले आहे. २९ ऑगस्ट २०२५ पासून आझाद मैदानावर झालेल्या जरांगे यांच्या उपोषणानंतर २ सप्टेंबरला निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटच्या आधारे शासन निर्णय निघाला. मराठवाड्यातल्या हिंगोलीसह आठ जिल्ह्यांत कुणबी दाखल्यासाठीच्या अर्जांची छाननी आता गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती करते. गावातला अर्जदार आणि त्याचा ओबीसी शेजारी दोघेही या तिघांना ओळखतात, आणि तेही त्यांना ओळखतात. मागासलेपणाचे मोजमाप, जातींची तुलना आणि जाहीर सुनावणी या गोष्टी या प्रक्रियेत येतच नाहीत. शुक्रे अहवालावर उभ्या असलेल्या १० टक्क्यांच्या कायद्याची सुनावणी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे सुरू झाली आहे. तिथे आयोगाची रचना, पाहणीची पद्धत आणि तिचा वेग हे मुद्दे पुन्हा मांडले जात आहेत.